सृष्टी नाचायची कशी?



हेसिअड हा ग्रीक कवी साधारण सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा. देवांची वंशावळ सांगणाऱ्या त्याच्या काव्यात जग कोणी बसून घडवत नाही. आधी नुसती पोकळी, मग पृथ्वी म्हणजे गाया, तिच्या तळाशी अंधारा तार्तारस, आणि एरॉस, म्हणजे ओढ. गाया एकटीच आकाशाला जन्म देते, आणि हे आकाश, उरानोस, तिला असं काही व्यापून टाकतं की तिच्या पोटातली मुलं बाहेरच येऊ शकत नाहीत. शेवटी धाकटा क्रोनोस आईने दिलेल्या विळ्याने बापावर घाव घालतो. घाव कुठे, ते घरोघरी ऐकलं जाणाऱ्या कार्यक्रमात नको सांगायला.

नर्तकाला यात कथेच्या आधी दिसते ती अडचण. दोन देह एकमेकांवर दाबलेले, मध्ये हात शिरायला जागा नाही, आणि तिसऱ्याने तिथे फट पाडायची. पाठ जमिनीला टेकलेली, गुडघे पोटाशी, श्वास कोंडलेला. मग एक कोपर बाहेर येतं, त्यामागून खांदा. समकालीन नृत्य या कथांकडे पुन्हापुन्हा वळतं ते यासाठी, असं मला वाटतं. गाया कोण, क्रोनोस कोण, हे प्रेक्षकाला नाही कळलं तरी चालतं. तो दाब आणि ती सुटका कळली पाहिजे.

ग्रीक कथा नाचण्याची हौस युरोपात जुनीच. 1801 साली व्हिएन्नात साल्वातोरे विगानोने प्रोमिथिअसवर बॅले बसवलं, संगीत बेथोव्हेनचं. मातीच्या दोन पुतळ्यांत जीव येतो आणि कला त्यांना माणूस करतात, अशी कल्पना. त्या संगीताची सुरावट आजही वाजते. विगानोचा नाच मात्र गेला.

पण मराठी वाचकाला या वाटेवर भेटते ती नर्तकी इसाडोरा डंकन, आणि तीही आपल्या पुण्याच्या रोहिणी भाटे यांच्यामुळे. 1947 साली नृत्यभारती काढणाऱ्या, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या रोहिणीताईंनी इसाडोराचं आत्मचरित्र ‘मी इसाडोरा’ या नावाने मराठीत आणलं. तालाच्या मात्रा न् मात्रा मोजणाऱ्या कथकच्या गुरूला, घुंगरूच काय, पायात जोडेही न घालणाऱ्या बाईचं एवढं अगत्य वाटावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

इसाडोराने संग्रहालयांतून ग्रीक कुंभांवरची चित्रं पाहिली आणि त्यातली मागे झुकलेली मान, उचललेला गुडघा आपल्या अंगात आणला. तिथवर ठीक होतं. 1903 साली मात्र ती भावंडांसह अथेन्सला गेली, कोपानोस नावाच्या टेकडीवर जागा घेतली आणि अगामेम्नॉनच्या राजवाड्याच्या धर्तीवर घर बांधायला काढलं. मग लक्षात आलं की टेकडीवर पाणीच नाही. विहीर खणून पाहिली, कोरडी. ग्रीक मुलांचा वृंद जमवून प्राचीन कोरस पुन्हा उभा करायचा प्रयोगही फार टिकला नाही. चित्रातला गुडघा तिला लाभला, राजवाडा नाही लाभला.

त्याच 1903 साली पुण्यात लोकमान्य टिळकांचा वेदांतल्या आर्क्टिक वसतिस्थानावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. येरवड्याच्या तुरुंगात मॅक्स म्युल्लरने पाठवलेला ऋग्वेद वाचताना या विचाराने जोर धरला होता. टिळकांचं म्हणणं असं, की वेदातली उषा आपल्यासारखी झटपट सरणारी नाही. ती ध्रुवाकडची, दिवसच्या दिवस क्षितिजावर चाकासारखी फिरणारी पहाट आहे. आर्यांच्या मूळस्थानाचा तो सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. पण नृत्यरचनाकाराने उषेवरचं ते प्रकरण जरूर वाचावं. प्रकाश वर चढत नाही, कडेकडेने गोल फिरतो, हे चित्र कुठल्याही नाचणाऱ्याला चाळवेल. अथेन्समध्ये डिथिरॅम्ब हे समूहगीत म्हणणारे पन्नास जण वर्तुळातच नाचत, आणि कथकचं तर चक्करांवाचून पान हलत नाही.

ऋग्वेदाने उषेला नर्तकीची उपमा दिलीच आहे. रोहिणीताईंनीही उषःसूक्तावर नृत्यरचना केली होती. हेसिअडकडे रात्रीच्या पोटी दिवस जन्मतो. आपल्याकडे रात्र आणि उषा बहिणी. दोन नर्तकींना एवढं पुरे आहे. एकीने जागा सोडायची, दुसरीने ती घ्यायची, आणि दोघींची गाठ नेमकी कुठे पडते त्यावर सगळी रचना तोलायची. ग्रीक झगे नकोत, वेदकालीन वल्कलंही नकोत.

फक्त हे चौकटीच्या रंगमंचावर होणार नाही. त्याला प्रेक्षक चारी बाजूंनी हवेत. नारायण पेठेत केसरीवाडा आहे, 1905 पासून टिळकांचा. मानाचा पाचवा गणपती बसतो तो. तिथल्या अंगणात हे व्हावं, खऱ्या पहाटे, दिव्यांशिवाय. आपल्याकडे उजाडायला जेमतेम अर्धा तास लागतो, म्हणजे रचनेची लांबीही आपोआप ठरली. आणि त्या वेळी नारायण पेठेत गाडी लावायला जागासुद्धा मिळेल.