पगाराआधी हे विचारा

आज मोठ्या पोस्टच्या इंटरव्ह्यूबद्दल बोलूया.

माझंच सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात मी सीईओ म्हणून गेलो. पगार दीडपट, वर गाडी. दुसऱ्याच महिन्यात कळलं, पन्नास हजारांची खरेदीसुद्धा मालकांना विचारल्याशिवाय होत नाही. परचेस मॅनेजरला मी काढलं. सोमवारी तो परत खुर्चीत! अकरा महिन्यांत बाहेर पडलो. चूक माझीही होती. मी आधी काही विचारलंच नव्हतं.

मोठ्या कंपन्यांतही ही ओढाताण असते. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या इन्फोसिसने 2014 मध्ये विशाल सिक्कांना आणलं. संस्थापकांबाहेरचे ते पहिले सीईओ. पुढे संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाले, आणि 2017 मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला.

म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती रकमेपर्यंत माझी सही चालेल? माणसं घ्यायचा-काढायचा अधिकार कोणाचा? आधीचा माणूस का गेला? जमलं तर त्या माणसासोबत एक चहा घ्याच.

उत्तरं गुळमुळीत आली, तर खुर्ची तुमची, पण कारभार दुसऱ्याचा, एवढं ओळखा. भेटू पुढच्या भागात!