मांडूची गोरखचिंच आणि तिचे कूळ

इंदूरहून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, धार जिल्ह्यात, माळव्याच्या सुलतानांची जुनी राजधानी मांडू आहे. तेथील महालांइतकेच प्रवाशाचे लक्ष वेधून घेतात ते रांजणासारख्या फुगीर बुंध्याचे प्रचंड वृक्ष. मराठीत यास गोरखचिंच म्हणतात. माळव्यात तो ‘खुरासानी इमली’ या नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ घर मात्र आफ्रिका होय.

२०२२ साली यांपैकी काही जुने वृक्ष मुळांसकट काढून हैदराबादला नेण्यात आले. स्थानिक लोकांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. झाड तर दुसरीकडे लावले जाणारच होते. मग हानी ती कोणती, असे कोणी विचारील. याचे उत्तर आनुवंशिकशास्त्रात सापडते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आफ्रिका, भारत, मस्कारीन बेटे व मलेशिया येथील गोरखचिंचांच्या आनुवंशिक द्रव्याची १० ठिकाणी तुलना करण्यात आली. भारतीय वृक्षांचे सर्वांत निकटचे नाते मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्याशी असल्याचे आढळले. हे वृक्ष दीर्घ काळात निरनिराळ्या वेळी येथे आले असावेत, असेही दिसून आले. तथापि पश्चिम व मध्य भारतातील वृक्षांचा गट आफ्रिकेतील गटांहून वेगळा ठरला.

यातील दोन निष्कर्ष संरक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. भरल्या कणगीतून मूठभर बी आणावे, त्याप्रमाणे भारतीय वृक्षांत आनुवंशिक विविधता आफ्रिकेपेक्षा कमी आहे. परंतु त्या मुठीतही इतरत्र न आढळलेली काही जनुकरूपे आहेत. दुष्काळ वा रोग यांना तोंड देण्याचे वंशाचे भांडवल म्हणजे ही विविधताच. वृक्ष दूर नेला म्हणजे तो कदाचित जगेल; पण त्याचा पराग मांडूच्या फुलांना मिळणार नाही आणि त्याचे बी तेथील मातीत पडणार नाही.

म्हणून एकाच डौलदार वृक्षाचे बी घेऊन हजार रोपे केल्याने वंश सावरत नाही. बी अनेक, परस्परांपासून दूर असलेल्या वृक्षांचे घ्यावे. प्रत्येक रोपाच्या मातृवृक्षाची नोंद ठेवावी. आणि उभे जुने वृक्ष जागीच राखावेत. रोपे किती लावली, याबरोबरच ती किती वृक्षांची संतती आहे, हेही वनरक्षकाने विचारले पाहिजे.