कूपन, कँटीन आणि काटकसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांचा इतिहास यांविषयी बोलावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. असे असता वाणसामानाच्या हिशेबासारखा विषय आम्ही निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपले मंडळ छावणीच्या शहरातले आहे. येथील कित्येक कुटुंबे सैन्याच्या निमित्ताने आली आणि उरलेली आमच्यासारखी मुलकी नोकरीच्या निमित्ताने आली. एका बिऱ्हाडात कँटीनचे कार्ड असते, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात ते नसते. गावापासून हजार मैलांवर शेजारी हाच सोयरा. त्यामुळे या कार्डाभोवती जसा स्नेह जमतो, तसा अवघडलेपणाही साचतो. त्याविषयी मोकळेपणाने बोलावे, एवढाच आजचा हेतू आहे.

‘कूपन’ हा शब्द आपल्या कानाला मुळातच टंचाईचा लागतो. मुंबईत १९४३ साली धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले, तेव्हापासून रेशनकार्ड, रांग आणि कूपन ही त्रयी आपल्या घरांत शिरली. ज्याच्याजवळ कूपन त्याला जिन्नस, इतरांनी हात हलवीत परतावे, असा तो काळ होता. अमेरिकेत मात्र हाच शब्द सुबत्तेच्या अंगाने वाढला. तेथे मालाने दुकाने भरलेली असतात आणि आपलाच माल खपावा म्हणून कारखानदार वर्तमानपत्रांतून सवलतीचे चिटोरे वाटतो. तो कापून दुकानात दिला की बिलातून तेवढी रक्कम वजा होते आणि दुकानदार ती पुढे कारखानदाराकडून वसूल करतो. सवलतीचा भार दुकानावर पडत नाही.

हे कूपन लष्करी दुकानात गेले म्हणजे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या लष्करी तळांवर किराण्याची दुकाने असतात, त्यांना ‘कमिसरी’ म्हणतात. कपडे, भांडी, यंत्रे मिळतात ते ‘एक्स्चेंज’ निराळे. कमिसरीची परंपरा जुनी आहे. १८२५ पासून अधिकाऱ्यांना सरकारी कोठारातून मूळ किमतीत शिधा विकत घेता येऊ लागला. साध्या शिपायाला हा हक्क मिळण्यास मात्र १८६७ साल उजाडले. सेनादलांच्या निरनिराळ्या दुकानांचा कारभार १९९१ साली एका संस्थेखाली आला. तत्त्व तेच राहिले. सरकारने बाजारापेक्षा कमी दराने माल विकावा, त्यावर विक्रीकर लागू नये आणि दुकानांची बांधणी व डागडुजी यांसाठी शेकडा ५ अधिभार तेवढा घ्यावा.

मूळचीच किंमत कमी आणि त्यावर कारखानदाराचे कूपन, म्हणजे दुधात साखरच. पण तेथील जाणत्या गृहिणीला एक बारकावा ठाऊक असतो. अधिभार कूपन वजा होण्यापूर्वीच्या रकमेवर आकारला जातो. समजा १०० डॉलरचा माल घेतला आणि २० डॉलरची कूपने दिली. अधिभार ८० वर नव्हे, १०० वर लागेल, म्हणजे ५ डॉलर. देणे ८५ डॉलर होईल. आणखी एक गोष्ट. तेथे सामान पिशव्यांत भरून मोटारीपर्यंत पोहोचविणाऱ्याला दुकानाकडून पगार नसतो, गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवरच त्याची कमाई असते. कूपनांनी वाचविलेल्या पैशांतून चार नाणी त्याच्या हातावर ठेवणे हा तेथील शिष्टाचार आहे. काटकसर आपल्या पिशवीत करावी, दुसऱ्याच्या मजुरीत करू नये, हा त्यातला विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

परदेशांतील तळांवरची रीत तर अधिक मनोरंजक आहे. जर्मनी किंवा जपान येथील तळावर राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबाला मायदेशातील वर्तमानपत्रांची कूपने सहजी मिळत नाहीत. म्हणून समुद्रापारच्या कमिसरीत कूपनाची मुदत संपल्यावरही सहा महिनेपर्यंत ते स्वीकारले जाते. मायदेशातील लोक आपली न वापरलेली, मुदत उलटलेली कूपने वर्गवारी करून या कुटुंबांना टपालाने धाडतात. जे आपल्या टोपलीत केर ठरले असते, ते दूरदेशी राहणाऱ्या एखाद्या शिपायाच्या घरी पैशाच्या मोलाचे होते. घरापासून दूर राहणाऱ्यांनी एकमेकांना कसे सावरावे, याचा हा नमुना आपण मंडळवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि कूपन ही दुधारी वस्तू आहे. कारखानदार ते दान म्हणून वाटत नाही. चार डॉलरच्या नामांकित डब्यावर एक डॉलरचे कूपन असते आणि शेजारीच त्याच प्रतीचा, नाव नसलेला डबा अडीच डॉलरला असतो. कूपन वापरणाऱ्याने एक डॉलर वाचविला असे त्याला वाटते, वस्तुतः अर्धा डॉलर जास्त गेला. ज्या जिनसाची घरात गरजच नव्हती, तो निम्म्या किमतीत आणला तर निम्मे पैसे वाया गेले, निम्मे वाचले नाहीत. म्हणून तेथील मुरलेल्या गृहिणी आधी आठवड्याची यादी करतात आणि मग त्या यादीला लागू पडतील तेवढीच कूपने कापतात. यादी आधी, सवलत मागाहून. सगळ्या काटकसरीचे मर्म या चार शब्दांत आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सैन्याचा कँटीन स्टोअर्स विभाग १ जानेवारी १९४८ रोजी सुरू झाला. त्याचे मुख्यालय आपल्या मुंबईत आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. लेहपासून श्री विजयपुरमपर्यंत (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) पसरलेली ३४ आगारे आणि पलटणींनी चालविलेली तीन हजारांहून अधिक कँटीने असा त्याचा व्याप आहे. विभाग उत्पादकांकडून घाऊक भावाने माल घेतो, आगारातून तो कँटीनला जातो आणि छापील किमतीपेक्षा कमी दराने जवानाच्या हाती पडतो. कँटीनच्या किरकोळ नफ्यातून जवानांच्याच कल्याणाची कामे होतात. मोटार, शीतकपाट यांसारख्या मोठ्या वस्तूंची मागणी २०२१ पासून घरबसल्या संगणकावरून नोंदविता येते. आपल्या कँटीनमध्ये अमेरिकेसारखे कूपन कापावे लागत नाही, येथे कार्ड हेच कूपन. त्यावर खरेदीची मर्यादा आहे आणि मद्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरलेला आहे.

या सवलतीचे गणितही नीट समजून घ्यावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून कँटीन विभागाला मालावर भरलेल्या कराच्या निम्म्या रकमेचा परतावा मिळतो. म्हणजे १,००० रुपये मूळ किमतीच्या साबण, टूथपेस्ट, केशतेल अशा मालावर शेकडा १८ कर होता, तेव्हा कर १८० रुपये होई आणि त्यातले ९० रुपये सुटत. २२ सप्टेंबर २०२५ पासून यांपैकी बऱ्याच नित्योपयोगी जिनसांवरचा कर शेकडा ५ झाला. आता कर ५० रुपये आणि सूट २५ रुपये. घाऊक खरेदीचा लाभ याहून निराळा आहे आणि तो टिकून आहे; परंतु केवळ कराच्या भरवशावर बोलायचे, तर ९० चे २५ झाले. साबणाच्या चार वड्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला रिक्षाने जाऊन येणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होत नाही ना, हे पाहावे. महिन्याची एकच यादी, एकच फेरी, आणि सदर बाजारातील भाव तोंडपाठ, एवढी शिस्त असेल तर कँटीन आजही घराला मोठा आधार आहे.

येथवर हिशेब झाला. आता त्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे.

“वहिनी, तुमच्या कार्डावर एवढा मिक्सर आणाल का?” हे वाक्य आपल्या मेळाव्यांत कोणी ऐकले नाही? विचारणाऱ्याच्या मनात पाप नसते. घरचेच माणूस म्हणून तो विचारतो. पण ऐकणारीची पंचाईत होते. ‘हो’ म्हणावे तर नियम मोडतो, ‘नाही’ म्हणावे तर शेजार दुखावतो. कँटीनचा माल कार्डधारकाच्या कुटुंबासाठी आहे, तो दुसऱ्यास विकणे किंवा दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी आणणे यास मुभा नाही. अमेरिकेच्या कमिसरीतही हीच मर्यादा आहे. नियम मोडल्यास दोन्हीकडे सवलत जाऊ शकते. म्हणजे आपल्या एका मिक्सरपायी ज्याचे कार्ड बंद पडेल, तो आपलाच सुभेदार किंवा हवालदार असेल.

परंतु आम्हांस शिक्षेच्या भीतीपेक्षा अर्थ महत्त्वाचा वाटतो. ही सवलत काही सरकारची मेहेरनजर नव्हे. ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते, मुलांची शाळा मोडते, पत्नीची नोकरी सुटते आणि जो सणासुदीला सीमेवर असतो, त्याच्या वेतनाचाच हा एक भाग आहे. रोख न देता जिनसांत दिलेला, एवढेच. त्याच्या पगाराच्या पाकिटातून पन्नास रुपये द्या, असे आपण कोणी म्हणणार नाही. मग कार्डावरचा मिक्सर मागताना आपण दुसरे काय मागत असतो? उलट, कार्डधारकांनाही आमची एक विनंती आहे. मद्याचा कोटा दुसऱ्यास देऊन चार पैसे करण्याचा मोह काहींना होतो. हक्क विकला की तो हक्क राहत नाही, त्याचा धंदा होतो आणि धंद्याचा बोभाटा साऱ्या पलटणीला लागतो. कार्डधारक वहिनींनी “हे आमच्या नियमात बसत नाही” असे हसून, पण स्पष्ट सांगावे आणि विचारणाऱ्याने त्यात मानापमान मानू नये. मंडळाने एवढा संकेत पाळला, तरी पुष्कळ अवघडलेपण नाहीसे होईल.

मग ज्यांच्याजवळ कार्ड नाही त्यांनी काय करावे? आम्ही मुलकी नोकर. आमच्यासाठी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ‘केंद्रीय भांडार’ ही सहकारी संस्था १९६३ साली निघाली. पण तिच्या शाखा काही सर्वत्र नाहीत. अशा वेळी आपल्याच महाराष्ट्राने घालून दिलेला धडा उपयोगी पडेल. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एक सोपी पद्धत रुजविली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी आपला संघ करावा, प्रत्येकाने महिन्याच्या सामानाची यादी आगाऊ भरून द्यावी, सगळ्या याद्यांची बेरीज करून माल घाऊक घ्यावा आणि वाटपाचे काम कुटुंबांनी पाळीपाळीने करावे. येथे कार्ड लागत नाही, हुद्दा लागत नाही. एकमेकांवरचा विश्वास आणि वेळेवर भरलेली यादी लागते. आधी यादी, मग खरेदी हे सूत्र येथेही तेच आहे.

आपल्या मंडळाला हे अवघड नाही. दर दिवाळीपूर्वी प्रत्येक घर आपापल्या नातलगांकडून भाजणी, आमसुले, गोडा मसाला, जाडे पोहे मागविते आणि प्रत्येक घर टपालाचा किंवा रेल्वे पार्सलाचा खर्च निराळा सोसते. वीस घरांची एकच मागणी गेली, तर वाहतुकीचा खर्च वाटला जाईल आणि माल घाऊक भावात येईल. गहू, तांदूळ, डाळी येथल्याच धान्यबाजारातून याच रीतीने घेता येतील. या खरेदीत सुभेदारांच्या वहिनी आणि टपालखात्यातल्या वहिनी एकाच तराजूशी उभ्या राहतील. कार्डाने जी भिंत आपल्यात उभी केली, ती अशा तराजूने पाडता येईल, अशी आमची श्रद्धा आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी वर्गणी गोळा केली ती रुपया-रुपयाने. त्यांना काटकसर ठाऊक होती आणि कृपणता ठाऊक नव्हती, म्हणून आज आपण स्वतःच्या सभागृहात बसलो आहोत. काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या हक्काला हात न लावता आपल्या गरजा नेमक्या ओळखणे होय. दिवाळीच्या सामानाच्या यादीसाठी एक वही आजपासून कार्यालयात ठेवावी, अशी कार्यकारिणीस आमची सूचना आहे. पहिल्या पानावर आमच्या घरची यादी लिहून देण्यास आम्ही तयार आहोत.