थंडी, साखर आणि कामगार



वैशाखाच्या उकाड्यात आम्ही थंडीवर बोलायला उभे राहिलो, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण मासळी गोठवणाऱ्या कारखान्यातील कामगाराला ऋतू नसतो. बाहेर ऊन भाजत असते आणि तो उणे १८ अंशांच्या कोठीत पेट्या रचीत असतो. त्या कोठीत मधुमेही माणूस शिरला म्हणजे त्याच्या देहात काय घडते, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. संघटनेच्या कामामुळे वाचावे लागले, जाणकारांना विचारावे लागले.

निरोगी देहाची व्यवस्था आधी पाहू. कातडीने गारठ्याची वर्दी दिली की मेंदूचे हुकूम सुटतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, ऊब आत राखली जाते. हुडहुडी भरते, स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता निपजते. अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरते आणि यकृत आपल्या कोठारातली साखर मोकळी करते. संकटकाळची ही तयारी अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडली.

मधुमेहात ही व्यवस्था तीन ठिकाणी ढिली पडते. पहिले, साखर मोकळी होते, पण इन्शुलिन अपुरे किंवा निष्प्रभ असल्याने तिचा नीट निचरा होत नाही. ती रक्तात साचते. दुसरे, वर्षानुवर्षांच्या साखरेने बारीक मज्जातंतू झिजतात. मग पायांची वर्दी वर पोचत नाही आणि वरचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत नीट येत नाही. त्या पुरेशा आवळत नाहीत, ऊब निसटते, आणि माणसाला पत्ता नसतो. तिसरे सर्वांत घातक. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा उपाशीपोटी राबला, तर रक्तातली साखर फार उतरते. तेव्हा हुडहुडीच मंदावते आणि देह थंड पडत जातो. त्याचे कापणे, अडखळणे पाहून सोबती म्हणतात, “गारठलाय बिचारा!” गारठा असेलही, पण साखर उतरलेली असेल, तर नुसत्या घोंगडीने भागत नाही. तो शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर आधी साखर द्या आणि डॉक्टर बोलवा.

१९२१ साली टोरांटोत इन्शुलिन हाती आले आणि मधुमेह्याला आयुष्य मिळाले. पण गोठलेले इन्शुलिन वाया जाते. त्याची कुपी कोठीत नेऊ नये. बधीर पाय शेकोटीला धरू नयेत. भाजले तरी कळत नाही. रोज रात्री तळवे तपासावेत.

एवढे सांगितल्यावर कामगार म्हणतो, “आजार कळला तर नोकरी जाईल.” म्हणून तो गोळी लपवतो, जेवण टाळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. एवढ्या माणसांना लपून जगावयास लावणे शहाणपणाचे नाही. आमचे मागणे मोठे नाही: ठरल्या वेळी जेवण, कोठीबाहेर उबदार खोली, कोरडे हातमोजे-मोजे, आणि आजार सांगितल्यावर कामाची बदली, बडतर्फी नव्हे. आपल्या ताटात मासळी येते, तेव्हा तिच्यामागचा हा गारठा आपलाही आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.