उत्तरार्धातील अध्यापन : एक स्वानुभव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



आयुष्याच्या उत्तरार्धात शिक्षकी पेशा स्वीकारण्याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी विद्वान नाही, शिक्षणशास्त्राचा पंडितही नाही. चोवीस वर्षे बँकेतील नोकरी आणि त्यानंतर तेरा वर्षे शाळेत गणिताचे अध्यापन, एवढीच माझी शिदोरी आहे. तिच्यातील चार घास आपणांपुढे ठेवतो.

सन 2000-01 मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. देशभरातील सुमारे एक लाख कर्मचारी त्या योजनेतून बाहेर पडले. त्यांपैकी मी एक. वय शेहेचाळीस, मुले महाविद्यालयात शिकत असलेली. ज्यांनी निवृत्ती घेतली त्यांपैकी माझ्या परिचयाच्या कोणी दुकान काढले, कोणी विम्याचे काम धरले. मी शिक्षक होण्याचे ठरविले, तेव्हा पेढी सांभाळणारे थोरले बंधू म्हणाले, “मास्तरकीच करायची होती, तर चोवीस वर्षे कशाला घालवलीस?” दादांच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी मात्र प्रश्न विचारला नाही. त्यांनी वही काढली, मुलांच्या शिक्षणाचा खर्च बाजूला लिहिला, घरखर्चाला कात्री लावली आणि म्हणाल्या, “दोन वर्षे निभेल. पुढचे पुढे पाहू.” आज येथे माझा सत्कार झाला, त्यातील अर्धा वाटा त्या वहीचा आहे.

बंधु-भगिनींनो, माझ्या मनात त्या वेळी एक सूक्ष्म अहंकार होता. पदवी गणिताची, नोकरी आकडेमोडीची. मला शिकविणे ते काय अवघड? बी.एड.च्या वर्गात बसलो तेव्हा शेजारी बसणारे विद्यार्थी माझ्या मुलाच्या वयाचे होते. तेथे ‘सूक्ष्म अध्यापन’ नावाचा प्रकार असतो. पाच-सहा मिनिटांत एकाच कौशल्याचा सराव करावयाचा. कधी प्रश्न विचारण्याचा, कधी फलकलेखनाचा. शाखेत शंभर माणसे सांभाळणारा मी, फळ्यावर सरळ ओळीत लिहिता येईना! त्यानंतरच्या सराव पाठात मी अस्खलित बोललो आणि स्वतःवर प्रसन्न होऊन खाली उतरलो. पाठाचे निरीक्षण करणाऱ्या बाई वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. त्या नम्रपणे म्हणाल्या, “सर, आपण सुंदर बोललात. पण मुलांपैकी कोणी बोलले का?”

त्या एका वाक्याने मला पुन्हा विद्यार्थी केले. बँकेत माझ्या बोलण्याला खुर्चीचे वजन होते. समोरचा माणूस मान डोलावी आणि त्याला समजले असे मी धरून चालत असे. वर्गात मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले.

अनुदानित शाळेत नेमणूक मिळण्याचे माझे वय केव्हाच उलटले होते. ग्रामीण भागातील एका विनाअनुदानित शाळेत अल्प मानधनावर रुजू झालो. एके दिवशी चक्रवाढ व्याजाचा पाठ घेत होतो. हा तर माझा हातखंडा विषय! एक हजार रुपये, दसादशे दहा दराने. पहिल्या वर्षी व्याज शंभर, दुसऱ्या वर्षी एकशे दहा, तिसऱ्या वर्षी एकशे एकवीस. तीन वर्षांनी रास 1331 रुपये, सरळव्याजाने 1300. उदाहरण सुटले, मुलांनी वहीत उतरवून घेतले. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी शेकडा तीनने पैसे आणलेत. तीन म्हणजे दहापेक्षा कमीच ना?”

मी क्षणभर स्तब्ध झालो. शेकडा तीन म्हणजे दरमहा शंभराला तीन रुपये, हे तिला ठाऊक नव्हते. कदाचित तिच्या वडिलांनीही वर्षाचा हिशेब मांडून पाहिला नसेल. खडू तिच्याच हाती दिला. दहा हजारांवर दरमहा तीनशे, म्हणजे वर्षाला 3600 रुपये. अर्थात दसादशे छत्तीस. आणि दर महिन्याचे थकलेले व्याज मुद्दलात मिळवत गेले, तर वर्षअखेर व्याजच जवळपास 4258 रुपये. वर्गात कमालीची शांतता पसरली. ही न समजल्याची शांतता नव्हती, समजल्याची होती. पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. त्यांना कर्जाचा कागद कसा वाचावा आणि बँकेत किंवा पतसंस्थेत कोणता दर कोणत्या मुदतीसाठी विचारावा, हे मी सांगितले. चोवीस वर्षे मी कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. परंतु कागदाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला नेमके काय कळत नाही, हे त्या मुलीने मला शिकविले.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ती चोवीस वर्षे वाया गेली नव्हती. पण त्यांचा उपयोग तेव्हाच झाला, जेव्हा मी बोलणे थांबवून मुलीला बोलू दिले. अनुभव आपोआप शिकवीत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाने त्याला वाट मिळते, तेव्हाच तो कामी येतो.

आपल्या भागाला याचे थोर उदाहरण ठाऊक आहे. कुंभोज येथे 1887 साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच झाले होते. त्यांनी शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचमालाचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. त्या भटकंतीत शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. नांगर विकताना पाहिलेले खेडे त्यांच्या शिक्षणकार्याचा पाया ठरले. आणि लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. अशा कार्याची किंमत घरातील माणसेही मोजतात, हे आपण विसरता कामा नये.

आज या सभागृहात पन्नाशीच्या आसपासची अनेक मंडळी आहेत. कोणी मुलाच्या हाती दुकान सोपविले आहे, कोणी कारखान्यातून निवृत्त होत आहे. त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. राजीनामा देण्यापूर्वी ओळखीच्या शाळेत निदान आठवडाभर मागच्या बाकावर बसून पाहा. दोन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला ठेवा. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते. 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी करावी. ज्यांना वयामुळे ही वाट कठीण वाटते, त्यांच्यासाठी अन्य दारे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकारास औपचारिक शैक्षणिक अर्हतेची अट न घालता महाविद्यालयीन अध्यापन करता येते. स्थानिक कारागीर, शेती व उद्योगातील तज्ज्ञ यांना शाळांनी शिकविण्यास बोलवावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे.

मात्र दार कोणतेही असो, आत शिरताना पूर्वीचे पद बाहेर ठेवावे लागते. ‘मी आयुष्यभर हेच केले’ या वाक्याने वर्ग सुरू करणारा गृहस्थ फार काळ टिकत नाही. कमी वयाच्या मुख्याध्यापकांची सूचना ऐकावी लागते. आपले पाठ टाचण तपासून घ्यावे लागते. ज्याला हे जमेल त्याने अवश्य यावे. ज्याला जमणार नाही, त्याने शाळेला देणगी द्यावी. तेही पुण्यकर्मच आहे.

शेवटी आपल्या परंपरेतील एक गोष्ट. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. उपदेश सर्वांत शेवटी येतो. त्याआधी वाचणे आहे, विचारणे आहे, चिंतन आहे आणि पुन्हा पुन्हा घोकणे आहे. मी शेहेचाळिसाव्या वर्षी थेट पाचव्या पायरीवर उभा राहू पाहत होतो. एका तरुण शिक्षिकेने आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला हाताला धरून पहिल्या पायरीवर आणले. त्या दोघींचे ऋण मी मान्य करतो.