चित्रकथेतून चित्रपटाकडे : ‘ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा’

(सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात काम करणाऱ्या ग्रंथपालांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथपालांच्या मेळाव्यात येऊन चित्रपटाविषयी बोलणे काहीसे धाडसाचेच आहे. त्यातून मी निवडलेला चित्रपट व्यंगचित्रांचा, म्हणजे ‘मुलांचा’ म्हणून मोठ्या माणसांनी सहसा बाजूला सारलेला. तरीही आज मी तोच विषय घेणार आहे. पुस्तकाचा चित्रपट होताना काय हरवते, काय नव्याने हाती लागते आणि या स्थित्यंतराची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हे प्रश्न या चित्रपटाच्या निमित्ताने फार स्पष्टपणे समोर येतात. हा चित्रपट म्हणजे 1968 साली प्रदर्शित झालेला ‘ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा’.

ॲस्टेरिक्सचा जन्म 29 ऑक्टोबर 1959 रोजी ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात झाला. कथा रेने गोसिनी यांची, चित्रे आल्बेर युदेर्झो यांची. काळ इसवी सनापूर्वी 50 चा. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर, म्हणजे तेव्हाच्या गॉल देशावर ज्यूलियस सीझरची सत्ता पसरली आहे; मात्र एक चिमुकले खेडे काही केल्या शरण येत नाही. त्या खेड्याच्या वृद्ध पुरोहिताजवळ अचाट बळ देणारा एक काढा आहे. चतुर, ठेंगणा ॲस्टेरिक्स आणि लहानपणी त्याच काढ्याच्या कढईत पडलेला धिप्पाड ओबेलिक्स ही या गावची जोडगोळी. या जोडगोळीला इजिप्तमध्ये नेणारी कथा ‘पिलोत’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 1965 मध्ये पुस्तकरूपाने आली.

पैज महालाची

इजिप्तचे लोक आता निस्तेज झाले आहेत, त्यांच्या वैभवाचा काळ सरला, असे सीझर क्लिओपात्राला हिणवतो. मानी राणी पैज लावते : तीन महिन्यांच्या आत अलेक्झांड्रिया नगरीत भव्य महाल उभा करून दाखवीन. काम सोपविले जाते एडिफिस नावाच्या स्थापत्यकारावर. त्याने यापूर्वी बांधलेल्या घरांची दारे धड उघडत नाहीत! यश आले तर अंगभर सोने, अपयश आले तर मगरींचे भक्ष्य, अशी त्याच्यापुढे अट. बिचारा धावत गॉल देशी जातो आणि पुरोहित गेटाफिक्स, ॲस्टेरिक्स व ओबेलिक्स यांना मदतीला घेऊन येतो. (ही नावे मी आपल्याकडे परिचित असलेल्या इंग्रजी अनुवादातून घेतली आहेत.)

यापुढचा भाग शासकीय सेवेतील कोणाही माणसाला ओळखीचा वाटेल. मुदत ठरलेली. प्रतिस्पर्धी आर्टिफिस कामगारांना फितवतो आणि चाबकाचे फटके कमी करण्याची मागणी पुढे येते. गेटाफिक्सच्या काढ्याने काम वेगात सुरू होते, तोच दगड पुरविणाऱ्यास लाच मिळते आणि दगड नाईल नदीच्या तळाशी जातात. मग नदीतून वर प्रवास करून दगड आणणे आले. मुलांना यात साहस दिसते; मोठ्यांना वेळापत्रक, साहित्याचा तुटवडा आणि मत्सर दिसतो. एकच कथा दोन वयांना दोन प्रकारे हसविते, हे या द्वयीचे खरे सामर्थ्य होय.

लेखकांना न विचारता

परंतु या चित्रपटाआधी एक कडू प्रसंग घडला होता. 1967 मध्ये ॲस्टेरिक्सवरील पहिला चित्रपट ब्रुसेल्सच्या बेलव्हिजन या संस्थेत तयार झाला, तो प्रकाशकांच्या पुढाकाराने. मूळ लेखक व चित्रकार यांना विश्वासात न घेता. त्यात कथा बहुतांशी पुस्तकाप्रमाणेच होती. तरीही गोसिनी आणि युदेर्झो यांचे समाधान झाले नाही. त्याच पद्धतीने सुरू झालेला पुढचा चित्रपट त्यांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला.

येथे ते केवळ तक्रार करून थांबले असते, तर आज त्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. त्यांनी पुढील चित्रपटाचे काम स्वतःकडे घेतले. पिएर चेर्निया यांना सोबत घेऊन पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनाची धुराही उचलली. आपल्या कृतीवर आपला हक्क आहे, असे म्हणणाऱ्याने तिच्या नव्या रूपाचे कष्टही सोसले पाहिजेत, हे त्यांनी कृतीने दाखविले.

हे कष्ट लहान नव्हते. पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. 70 मिनिटांच्या चित्रपटाचा हिशेब केला तर त्या 1,00,800 होतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र लागत नाही हे खरे. तरी 44 पानांच्या कथेस एवढा अवकाश भरावयाचा, तर केवळ पानांची नक्कल पुरणार नाही, हे उघड आहे.

म्हणूनच पुस्तकात नसलेली गाणी येथे आली. राणी गाढविणीच्या दुधाने स्नान करीत असता होणारे गीत आणि आर्टिफिस विषारी केक तयार करीत असता ऐकू येणारे गीत, ही दोन्ही कागदावर अशक्य होती. जेरार काल्व्ही यांच्या संगीतावर विषाची पाककृती ऐकताना मुले खदखदून हसतात. पुस्तकाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे ओळ न् ओळ उचलणे नव्हे, तर पुस्तकाने जो आनंद दिला तोच नव्या माध्यमाच्या साधनांनी देणे, ही गोष्ट पहिल्या चित्रपटापेक्षा दुसऱ्यात अधिक साधली आहे.

माझी एक चूक

माहिती देणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे समजावून सांगण्याची सवय अंगवळणी पडली आहे. काही वर्षांपूर्वी एका बालमेळाव्यात हा चित्रपट दाखविताना मी बाजूला उभा राहून मराठीतून निवेदन करीत होतो. ओबेलिक्स स्फिंक्सच्या प्रचंड मूर्तीवर चढला. त्याच्या भाराने आता मूर्तीचे नाक तुटणार, असे मी सांगून टाकले आणि नाक तुटले तेव्हा कोणीच हसले नाही. पुढच्या रांगेतील एक मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, आम्हांला दिसतंय ना.” मी गप्प बसलो. त्यानंतरचा चित्रपट मुलांनी माझ्यावाचून पाहिला आणि माझ्यापेक्षा चांगला समजून घेतला.

कार्यक्रमानंतर त्याच मुलीने पुस्तक मागितले. नाक तुटण्याचे पान तिने काढले, पुढे गेली, पुन्हा मागे आली. चित्रपट ज्या क्षणाला झर्रकन् पुढे नेतो, तो क्षण पुस्तकात वाचकाच्या बोटाखाली थांबतो. एकाने वेग दिला, दुसऱ्याने सवड दिली. या दोहोंत शत्रुत्व कोठे आहे?

म्हणून माझी आपणास विनंती एवढीच : चित्रपटाने वाचन बुडते अशी भीती बाळगू नये. मुलांना चित्रपट दाखवावा, पण त्याच दिवशी, त्याच खोलीत मूळ चित्रकथा त्यांच्या हाताशी ठेवावी. काय बदलले, काय गाळले, काय नवे घातले, हे त्यांनाच शोधू द्यावे. आपण मध्ये बोलू नये. निदान नाक तुटण्यापूर्वी तरी नाही.

चित्रकथेच्या अखेरीस महाल पूर्ण होतो, पैज जिंकली जाते आणि एडिफिसला सोने मिळते. गेटाफिक्सला मात्र राणी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातील मौल्यवान हस्तलिखिते भेट देते. ग्रंथपालांच्या सभेत याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.