राजा घाटावरील आठ दिवस
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुटीतील एखादा अनुभव सांगावा, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. सुटी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जांभ्या दगडाचे कौलारू घर आणि समोर समुद्र उभा राहतो. आमच्या वाट्याला मात्र दगडी घर आले ते गंगेच्या काठी. रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन आम्ही सहकुटुंब काशीस गेलो आणि एका स्नेह्याच्या ओळखीने राजा घाटाच्या वरच्या गल्लीत, एका जुन्या मराठी घरात आठ दिवस राहिलो.

ह्या घाटास पूर्वी अमृतराव घाट म्हणत. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ बाजीरावांचा पराभव केला, तेव्हा काही काळ पुण्याचा कारभार अमृतरावांकडे आला. पुढील वर्षी इंग्रजांशी करार करून, वर्षासन पत्करून ते उत्तरेत आले आणि काशीत स्थिरावले. हा घाट त्यांनी दगडाने बांधून काढला. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. बदलीवर आलेल्या माणसास परतीची आशा असते. त्यांना तीही नव्हती. तरीही परक्या मुलुखात त्यांनी पक्के दगड बसविले, ह्याचे आम्हांस नवल वाटले.

आमचे बिऱ्हाड होते ते घरही चुनारी दगडाचे. हातभर जाडीच्या भिंती, मधोमध चौक, ओळीने कोनाडे आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा अंधारा जिना. माकडांच्या भयाने खिडक्यांना लोखंडी जाळ्या. दिवाळीचे दिवस होते. पावसाळ्यातील पुराने आणलेला गाळ पायऱ्यांवरून अजून पुरता निघाला नव्हता, आणि मजूर नळीने पाण्याचा मारा करून तो धुऊन काढीत होते. १९७८ मध्ये गंगेने येथे ७३.९० मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची रेषा ७१.२६ ची. त्या वर्षी पाणी कोठवर आले होते, ते घरच्या वृद्ध मालकीणबाईंनी जिन्याच्या भिंतीवर हात ठेवून दाखविले.

ह्या आजींच्या घराण्यास महाराष्ट्र सोडून सात पिढ्या झाल्या. पुणे त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेले. पण घरात मराठी. तीत हिंदीची भर पुष्कळ, आणि कित्येक शब्द आमच्या पणजीच्या तोंडी शोभतील असे. पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, “पाणी ऊन आहे, नाहून घ्या. मग तरकारी बनवून देते.” आमचे चिरंजीव खुदकन हसले. खरे सांगावयाचे तर आम्हीही ओठांतल्या ओठांत हसलो. आमच्या सौभाग्यवतींनी डोळे वटारले. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “हसू द्या हो त्याला. हसायला तरी समजावे लागते.”

त्या वेळी आमची नजर धाकट्या कन्येकडे गेली. ती हसली नव्हती. हसण्याजोगे काय झाले, हेच तिला कळले नव्हते.

चिरंजीवांचे बालपण नाशकात आजोळी गेले. कन्या वाढली ती आमच्या बदल्यांच्या गावांत. तिच्या एका शाळेने, घरी एकच भाषा बोला, म्हणजे मुलीचा गोंधळ होणार नाही, असा सल्ला दिला. सल्ला शाळेचा, पण तो मानला आम्ही. सात पिढ्यांत जे ह्या घराने घालविले नाही, ते आम्ही एका पिढीत, तेही सोय म्हणून, घालविले होते. त्या रात्री घाटाच्या पायरीवर बसलो असता मणिकर्णिकेच्या दिशेने जाणाऱ्या होड्यांचे दिवे दिसत होते. पण आमचे लक्ष त्यांत नव्हते.

आजींनी ह्या विषयावर एक शब्दही उच्चारला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कन्येस आपल्याजवळ बसविले. तांदूळ निवडताना ‘खडा’, दिवे लावताना ‘वात’, रांगोळी काढताना ‘ठिपका’. तिने चुकीचे म्हटले की त्या सुधारीत नसत. आपण तोच शब्द पुन्हा नीट उच्चारीत. हे शास्त्र आम्हांस बी. ए. होऊनही ठाऊक नव्हते.

निघण्याच्या दिवशी कन्या नमस्कार करून म्हणाली, “आजी, मी जाते.” आजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. “जाते म्हणू नये, बाळ. येते म्हणावे.”

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, ग्रंथालय चालविले. त्या ग्रंथालयातील पुस्तके उद्या कोण वाचणार, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःस विचारतो आणि मग आपणांपुढे ठेवतो. रविवारी तासभर मुलांना नुसते मराठी बोलावयास जमविता आले, तर पाहावे. त्यासाठी आमचे घर आणि आमचा वेळ आम्ही देऊ करतो. अट एकच: चुकले तर कोणी हसावयाचे नाही.

आमच्या घरी सध्या रात्रीचे जेवण मराठीत होते. कन्या पुष्कळ चुकते. परवा कचेरीस निघताना आम्ही घाईत “जातो” म्हणालो, तर आतून तिचा आवाज आला, “बाबा, येतो म्हणा.”